अंदाजात ‘तुरळक ठिकाणी’ लिहिलंय म्हणून निर्धास्त राहू नका : गडगडाटी वादळं आणि अचानक येणारा पूर

आभाळवाट (धागाकर्ती)

पुढच्या दोन दिवसांचा प्रादेशिक अंदाज सकाळी वाचला. तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह मुसळधार पाऊस, सोसाट्याचा वारा, ओढ्यानाल्यांच्या काठी आणि सखल भागांत अचानक पूर येण्याची शक्यता. ओळ एवढीच. दुपारपर्यंत तीन ग्रुपांवर ती फिरून आली आणि तिन्हीकडे खाली एकच सूर होता: तुरळक म्हणजे काही विशेष नाही. ते वाचल्यापासून चैन पडत नाहीये, म्हणून हा धागा काढतेय.

‘तुरळक’ हा शब्द पावसाच्या जोराबद्दल बोलतच नाही. तो किती जागी पाऊस पडेल ते सांगतो, आणि भारतीय हवामान खात्यात त्याचं माप ठरलेलं आहे. विभागातल्या २५ टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पाऊस अपेक्षित असेल तर तुरळक ठिकाणी, २६ ते ५० टक्के असेल तर काही ठिकाणी, ५१ ते ७५ असेल तर बऱ्याच ठिकाणी, आणि त्यापुढे बहुतेक सर्व ठिकाणी. शंभरातल्या पाचच केंद्रांवर पाऊस पडला आणि त्या पाचांवर आभाळ कोसळलं, तरी अंदाज ‘तुरळक’च असणार आणि तो बरोबरच ठरणार.

जोराचे शब्द वेगळे. २४ तासांत ६४.५ मि.मी.पासून पुढे मुसळधार, ११५.६ पासून अति मुसळधार, २०४.४च्या वर अत्यंत मुसळधार. पण हे आकडे चोवीस तासांचे आहेत हे कायम डोक्यात ठेवा. पासष्ट मि.मी. पाऊस दिवसभर रिमझिमला तर जमीन तो पिऊन टाकते. तोच पाऊण तासात ओतला गेला तर ओढा रस्त्यावर येतो. म्हणजे एकाच शब्दात दोन अगदी वेगळे दिवस बसतात. म्हणून मी मुसळधारच्या आधी ‘मेघगर्जनेसह’ आहे का ते आधी पाहते. ते असेल तर पाऊस थोड्या वेळात, थोड्या जागी आणि जोरात पडण्याची शक्यता मोठी.

गडगडाटी ढगाचा संसार छोटा असतो. खाली दमट, तापलेली हवा, वर थंड हवा, आणि खालच्या हवेला वर ढकलणारं काहीतरी: डोंगराचा चढ, दोन वाऱ्यांची गाठ, नाहीतर शेजारच्या ढगातून सुटलेला गार झोत. एवढं जुळलं की ढग बारा-पंधरा किलोमीटर उंच चढतो. आतला वर जाणारा वारा पाण्याचे थेंब आणि गारा तोलून धरतो. एका क्षणी तो भार पेलत नाही, आणि मग सगळं खाली येतं. साधा ढग पाच-दहा किलोमीटर रुंद आणि त्याचं आयुष्य तासाभराचं. आता अंदाजासाठी हवामानाचं गणित करणारं संगणकी मॉडेल बघा. जगातल्या उत्तम मॉडेलांपैकी एक असलेलं युरोपियन हवामान केंद्राचं मॉडेल सुमारे ९ किलोमीटरच्या चौकोनांत विचार करतं. एका चौकोनात अख्खा ढग मावतो! त्यामुळे आदल्या दिवशी कुणीही फार तर एवढंच सांगू शकतं की या पट्ट्यात उद्या असे ढग होतील. कुठल्या खोऱ्यावर ते फुटतील हे रडारवर तास-दोन तास आधी दिसतं. प्रादेशिक अंदाजातला ‘शक्यता’ हा शब्द म्हणून मला पळवाट वाटत नाही. जेवढं ठाऊक आहे तेवढंच तो सांगतो.

आणि सर्वांत महत्त्वाचं. आपण अंदाज उघडतो आणि माझ्याकडे पडणार का, एवढंच बघतो. पुराच्या बाबतीत हा प्रश्नच चुकीचा आहे. प्रश्न असा हवा: माझ्या वरच्या अंगाला पडला तर ते पाणी कुठून जाईल आणि मी तेव्हा कुठे असेन?

२९ ऑक्टोबर २०२४, स्पेनमधला व्हॅलेन्सिया प्रांत. डोंगराकडच्या तुरीस इथे एका दिवसात ७७० मि.मी.हून जास्त पाऊस. खाली शहराजवळच्या पायपोर्तासारख्या गावांत तेव्हा फारसा पाऊसच नव्हता. एरवी कोरड्या पडलेल्या नाल्यातून संध्याकाळी लोंढा आला तेव्हा लोक रस्त्यांवर होते, दुकानांत होते, कित्येक जण तळघरातून गाडी बाहेर काढायला खाली उतरले होते. तिथल्या हवामान संस्थेने सकाळीच लाल इशारा दिला होता. सगळ्यांच्या फोनवर धोक्याचा संदेश वाजला तो रात्री आठनंतर. दोनशेहून जास्त माणसं गेली.

मी स्वतः एवढंच करते. अंदाजात मेघगर्जना आणि पूर हे दोन शब्द एकत्र दिसले की आदल्या संध्याकाळी, आभाळ निरभ्र असताना, ठरवून टाकते: कुठला रस्ता घ्यायचा नाही, गाडी कुठे लावायची, रात्री कुणी कुठे झोपायचं. ढग डोक्यावर आल्यावर आपण नीट विचार करत नाही, मी तर नाहीच करत.

तुमचे अनुभव आणि प्रश्न लिहा.

काठावरचा

ताई, मनापासून विचारतो, वाद म्हणून नाही. गेल्या महिन्यात चार वेळा असा इशारा आला. चारही वेळा आमच्याकडे कोरडं. एकदा तर मी कामाचा दिवस बुडवून घरी बसलो. पाचव्यांदा कसा विश्वास ठेवायचा?

आभाळवाट

दिवस बुडाल्याचा त्रास खरा आहे, तो मी खोडून काढणार नाही. पण त्या चार दिवसांत विभागात इतरत्र काय झालं ते पाहिलंत का? बहुतेक वेळा कुठेतरी पडलेला असतो.

पाऊस किती अरुंद पट्ट्यात पडतो याचं आपल्या सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण २६ जुलै २००५चं. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मि.मी. आणि त्याच शहरातल्या कुलाब्याला सुमारे ७४. कुलाब्यात बसून कुणी म्हणालं असतं की आज काही विशेष झालं नाही, तर त्याच्या खिडकीपुरतं ते खरंच होतं.

आणि दर इशाऱ्याला घरी बसायची गरज नसते. इशाऱ्याच्या दिवशी कामावर जा, पण परतीची वाट ओढ्यावरून नसलेली घ्या. तेवढ्याने खर्च होतो तो पंधरा-वीस मिनिटांचा. मग पाच वेळा फुकट गेला तरी जड वाटत नाही. इशाऱ्याला प्रतिसाद देणं एवढं स्वस्त करून ठेवायचं की पाचव्यांदाही करावंसं वाटेल.

रडारवेडा

उत्तम धागा. एक भर घालतो, कारण हा प्रश्न नेहमी येतो: ढग तासाभरात विरतो तर एवढा पूर कसा येतो?

ढग विरतो, पण त्याच्या मागे दुसरा उभा असतो. पहिल्या ढगातून खाली आलेली गार हवा जमिनीलगत पसरते, समोरच्या दमट हवेला उचलते आणि तिथेच नवा ढग जन्माला येतो. वारे जुळले तर असे ढग एकाच रुळावरून जाणाऱ्या डब्यांसारखे त्याच खोऱ्यावरून एकामागून एक जातात. इंग्रजीत याला ‘ट्रेनिंग’च म्हणतात, ट्रेनवरून. प्रत्येक डबा वीस-तीस मि.मी. टाकून जातो. सहा डबे गेले की झालं. दुसरा प्रकार त्याहून वाईट: वरचे वारे मंद असतात, ढग डोंगराला टेकून उभा राहतो आणि हलतच नाही.

रडारचं एकच चित्र बघून काही कळत नाही. मागच्या तासाभराची हलती चित्रं बघा. लाल ठिपके पुढे सरकतायत, पण पट्टा जागचा हलत नाहीये आणि मागच्या टोकाला सारखे नवे ठिपके उगवतायत, असं दिसलं की त्या पट्ट्याखालच्या नदीनाल्याच्या खालच्या अंगाला राहणाऱ्यांनी उठायला हवं. तुमच्यावरचं आभाळ त्या वेळी निळं असेल.

रडारच्या मर्यादाही आहेत. डोंगर किरण अडवतात. रडारपासून लांब गेलं की किरण जमिनीपासून बराच वर गेलेला असतो, त्यामुळे खालचा पाऊस निसटू शकतो. चित्रात काही नाही म्हणजे पाऊस नाही, असं डोंगराळ भागात धरू नका. हवामान खात्याचे पुढच्या तीन तासांचे तात्काळ अंदाजही येतात, जिल्ह्यानुसार. इशाऱ्याच्या दिवशी ते दर तासाला बघावेत असं माझं मत.

आता एक हिशेब. एक चौरस किलोमीटरवर एक मि.मी. पाऊस म्हणजे दहा लाख लिटर पाणी. तासाला १०० मि.मी. हा ढगफुटीचा नेहमी सांगितला जाणारा उंबरठा. तो वीस चौरस किलोमीटरच्या पाणलोटावर पडला तर २०० कोटी लिटर. त्यातलं निम्मं मुरलं असं धरा, आणि उरलेलं तासाभरात वाहून आलं. सेकंदाला पावणेतीन लाख लिटरहून जास्त. ज्या ओढ्यात आपण पँट दुमडून उतरतो त्या ओढ्यातून! आणि आदल्या आठवड्यात पाऊस होऊन जमीन भिजून बसली असेल, किंवा वर सगळं काँक्रीट असेल, तर निम्मं मुरत नाही.

निशिगंध२१

परदेशात राहणाऱ्यांसाठी एक धोक्याची गोष्ट. इशाऱ्यांचे शब्द आणि रंग सगळीकडे सारखे नसतात आणि त्यात घोटाळा होतो. अमेरिकेत ‘वॉच’ म्हणजे परिस्थिती जुळून आली आहे, तयारीत राहा. ‘वॉर्निंग’ म्हणजे घडतंय किंवा घडायच्या बेतात आहे, आत्ता हला. भारतात पिवळ्या रंगाला ‘वॉच’ म्हणतात, नारिंगी म्हणजे तयार राहा, लाल म्हणजे कृती करा. ब्रिटनमध्ये रंग ठरवताना घडण्याची शक्यता आणि घडलं तर होणारं नुकसान या दोन्हींचा मेळ घालतात. त्यामुळे तिथला पिवळा दोन प्रकारचा असतो: बहुधा घडेल पण किरकोळ, किंवा बहुधा घडणार नाही, पण घडलंच तर भयानक. दुसऱ्या प्रकारचा पिवळा लोक हमखास सोडून देतात. रंगाखालचा मजकूर वाचा, तिथे हे लिहिलेलं असतं.

वॉच आणि वॉर्निंग यांच्यामधला वेळच कामाचा असतो. टेक्ससमध्ये ग्वादालूपे नदीला ४ जुलै २०२५च्या पहाटे पूर आला. पाऊण तासात पाणी सुमारे आठ मीटर चढलं. वॉच आदल्या दिवशी दुपारी लागला होता, वॉर्निंग मध्यरात्र उलटून एकच्या सुमारास आली, लोक झोपेत असताना. फोन ‘डू नॉट डिस्टर्ब’वर टाकून झोपायची सवय मी त्यानंतर सोडली.

उतारवाट

वाचता वाचता एक रात्र आठवली, लिहितोच.

साडेअकराचा सुमार. पाऊस थांबून अर्धा तास झाला होता आणि आभाळ उघडून चांदण्या दिसायला लागल्या होत्या. रस्ता ओढ्यावरच्या फरशीपुलावरून जातो. दोन्ही कडांना गुडघाभर उंचीचे, चुना लावलेले दगड. गाडीच्या दिव्यांत फरशीवर पाणी दिसलं, पण कसं, तर अगदी शांत. पोटरीइतकं असेल नसेल. माझ्यापुढची गाडी नुकतीच पार झाली होती. मी पहिला गिअर टाकून पुढची चाकं पाण्यात घातली आणि शेजारून बायको म्हणाली, थांब, आधी दगड मोज.

डावीकडे सात दिसत होते. दिवे चालू ठेवून थांबलो. पाच मिनिटांनी पाच. पाणी शांतच दिसत होतं, फक्त त्याच्यावरून आता काटक्या आणि पाला चालला होता, आणि मला वाटलं होतं त्याच्या दुप्पट वेगाने. काच खाली केली तर उपटलेल्या मुळांचा ओला, कुबट वास. आणि एक आवाज, पाण्याच्या वर नाही, खालून येणारा. जातं फिरवावं तसा. नंतर कळलं, तळाशी धोंडे एकमेकांवर घासत, गडगडत जात होते.

गाडी मागे घेतली आणि चढावर जाऊन रात्र काढली. उजाडल्यावर खाली आलो. डावीकडचे दगड सातही जागेवर होते. दगडांच्या मधला रस्ता नव्हता. डांबराचा थर कडेला फाटलेल्या कातड्यासारखा लोंबत होता आणि खाली माणूसभर खड्डा. मी पाण्याची खोली बघत होतो, आणि पाण्याखाली रस्ता उरलाय की नाही हे मला दिसणारच नव्हतं.

बायकोला दगड मोजायचं कसं सुचलं म्हणून विचारलं. तिच्या आजोबांनी लहानपणी शिकवलं होतं.

आभाळवाट

उतारवाट, अंगावर काटा आला. तुमच्या घरच्यांना माझा नमस्कार सांगा.

याला जोडून आकडे. जोरात वाहणारं १५ सें.मी. पाणी धडधाकट माणसाला पाडू शकतं. सुमारे ३० सें.मी. पाण्यात बऱ्याच लहान गाड्यांचे टायर जमीन सोडायला लागतात, आणि ६० सें.मी. वाहतं पाणी बहुतेक गाड्या वाहून नेतं, उंच आणि जड गाड्यासुद्धा. अमेरिकेत अचानक आलेल्या पुरात बुडणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक जण गाडी पाण्यात घातल्यामुळे जातात. पुढची गाडी पार झाली हा पुरावा नव्हे. तुमची पाळी येईपर्यंत पाणी चढलेलं असतं.

डोंगरातल्या घळीत सापडलात तर गाडीने पाण्याच्या पुढे पळायचा प्रयत्नही करू नका. कोलोरॅडोतल्या बिग थॉम्पसन घळीत ३१ जुलै १९७६च्या संध्याकाळी काही तासांत सुमारे ३०० मि.मी. पाऊस झाला, १४०हून जास्त माणसं गेली. गाडीतून घळीच्या तोंडाकडे पळणाऱ्यांतले कितीतरी सापडले, गाडी सोडून कडेच्या उतारावर चढलेले वाचले. त्यानंतर तिथल्या घळींत पाट्या लागल्या: पूर आला तर वर चढा. पन्नास-साठ फूट उभं चढणं हे कित्येक किलोमीटर पळण्यापेक्षा जास्त उपयोगी पडतं.

काठावरचा

विजेचं कुणी लिहिलं नाही. आमच्याकडे पुरापेक्षा विजेचीच भीती जास्त.

रडारवेडा

बरोबर आहे, राहिलंच. वीज पावसाच्या पट्ट्याबाहेर, दहा-पंधरा किलोमीटर लांबसुद्धा पडते. म्हणून पाऊस सुरू झाल्यावर आत जाऊ, हे चालत नाही. चमक दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा. साधारण तीन सेकंदांना एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर पक्क्या इमारतीत नाहीतर काचा बंद केलेल्या, पत्र्याच्या टपाच्या गाडीत जा. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास बाहेर पडू नका. बरेच बळी ‘गेला वाटतं पाऊस’ म्हणून बाहेर पडण्याच्या वेळी जातात.

झाडाखाली थांबू नये हे सगळ्यांना माहीत असतं, पण का ते माहीत नसतं. झाडावर पडलेली वीज खोडातून जमिनीत पसरते आणि तुमच्या दोन पायांमधून वाट काढते. गुरं एकदम पाच-दहा मरतात ती यामुळेच, त्यांच्या पुढच्या-मागच्या पायांतलं अंतर जास्त असतं. जवळ येणाऱ्या विजा फोनवर कळवणारं ‘दामिनी’ हे ॲप पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने केलंय, शेतात काम करणाऱ्यांनी जरूर ठेवा.

सांजवेळ

पहिल्यांदाच लिहितेय. आईबाबा ओढ्यापासून हाकेच्या अंतरावर, तळमजल्यावर राहतात. बाबांना जिना चढायला वेळ लागतो. इशारा त्याच भागाचा आहे. मी उद्या रात्री काम संपवून तिकडे निघणार होते, तीन तासांचा रस्ता, वाटेत दोन फरशीपूल. काय करू?

आभाळवाट

सांजवेळ, रात्री निघू नकोस. असे ढग बहुतेक वेळा दुपारनंतर वाढतात आणि रात्रीपर्यंत चालतात, आणि अंधारात पाणी दिसत नाही. जमलं तर पहाटे निघ. जमत नसेल तर आत्ताच फोन करून बाबांना उद्या संध्याकाळी उजेडातच वरच्या मजल्यावर हलवायला सांग. वरच्या शेजाऱ्यांशी आजच बोल. औषधं, चष्मा, कागदपत्रं, टॉर्च, पिण्याचं पाणी वर. गाडी असेल तर चढावर आत्ताच लावू दे, पाणी आल्यावर ती काढायला कुणीही जायचं नाही. विजेचा मुख्य खटका वर जाण्याआधी, फरशी कोरडी असतानाच बंद करायचा. पाण्यात उभं राहून नाही.

उतारवाट

आणि ओढ्याला एखादी खूण शोधून ठेवा. पायरी, दगड, भिंतीवरची रेघ, काहीही. पाणी एकदम गढूळ झालं किंवा त्यात पालापाचोळा यायला लागला, तर ते चढायची वाट बघू नका. ओढा अचानक आटला तरी निघा, वर कुठेतरी ओंडक्यांनी अडलेला असू शकतो आणि तो बांध फुटतो.

सांजवेळ

पहाटे पाचला निघाले, आठला पोचले. दोन्ही फरशा कोरड्या होत्या. रजा मिळाली. बाबा आधी नको म्हणत होते, मग जेवण झाल्यावर दुपारी हळूहळू चढले, मध्ये दोनदा बसले. वरच्या काकूंनी त्यांची खोली दिलीय.

आता चार वाजलेत. इथे ऊन आहे. डोंगरामागे मोठा पांढरा ढग वर चढून माथ्याला ऐरणीसारखा पसरलाय, गडगडाट अजून नाही. ओढ्याला उतरायच्या पायऱ्या आहेत, नऊ मोकळ्या दिसतायत. दर पंधरा मिनिटांनी खिडकीतून मोजतेय.

रडारवेडा

तुझ्या वरच्या अंगाला दोन ढग दिसतायत, पश्चिमेकडचा जागचा हललेला नाही. त्याच्या मागे तिसरा उगवतोय.

सांजवेळ

पावणेपाच. आठ पायऱ्या. इथे थेंब नाही. पाणी गढूळ झालंय.

आभाळवाट

खटका बंद कर, आईला घे आणि वर जा. मोजायचं ते वरच्या खिडकीतून.

सांजवेळ

आम्ही तिघंही वर आहोत. सहा पायऱ्या.